तीन खासदारांनी देश वेठीस धरला म्हणे!

फिजीवरच्या एका चर्चेत आज परत तेच ऐकलं: "तीन खासदारांच्या पक्षाने अख्खा देश वेठीस धरला." डोकंच फिरलं. अरे, आकडे तरी बघा!

डिसेंबर 2022 ची संसदेची निवडणूक. जागा 55, बहुमत 28 चं. तेव्हाचे पंतप्रधान बैनिमारामांच्या फिजीफर्स्टला 26, राबुकांच्या पीपल्स अलायन्सला 21, बिमान प्रसादांच्या नॅशनल फेडरेशनला 5, सोडेल्पाला 3. हाच तो तीन खासदारांचा पक्ष; तो राबुका आणि प्रसादांबरोबर गेला आणि आघाडीचं सरकार आलं. सोळा वर्षं सत्तेत राहून बैनिमारामांना दोन जागा कमी पडल्या, त्यात सोडेल्पाचा काय दोष?

तिथे अख्खा देश एकच मतदारसंघ. मतपत्रिकेवर नाव नाही, फोटो नाही, चिन्ह नाही, नुसते क्रमांक. पुस्तिकेतून आपल्या उमेदवाराचा क्रमांक शोधायचा आणि त्या एकावरच खूण करायची. दोनांवर केली की मत बाद. मतं आधी पक्षाच्या खात्यात जातात. 5 टक्क्यांच्या खाली राहिलात तर सगळी पाण्यात. युनिटी फिजी आणि लेबर पार्टी अशाच बुडाल्या. उरलेल्यांची मतं 1, 2, 3 असं भागत जायचं आणि सर्वांत मोठ्या 55 भागाकारांना जागा द्यायच्या.

सोडेल्पा 5.14 टक्क्यांवर काठावर पास झाला. तो नापास झाला असता तर? फिजीफर्स्ट 42.55, अलायन्स 35.82, फेडरेशन 8.89. बसा भागायला. 27, 23, 5 येतात. म्हणजे राबुका आणि प्रसाद मिळून 28. सोडेल्पाशिवायही तेच सरकार! कोणी कोणाला वेठीस धरलं, सांगा आता.

सोडेल्पाच्या कार्यकारिणीने तमाशा केला, हे मान्य. आधी 16 विरुद्ध 14 ने राबुकांकडे कौल. मग त्यात गडबड झाल्याची ओरड, पुन्हा मतदान, 13 विरुद्ध 12. पण त्या खोलीत निदान दोनदा मोजणी तरी झाली. आपल्याकडे आमदार रातोरात हॉटेलात जाऊन बसतात, तिथे कोण मोजतं?

राबुका काही संत नव्हेत. 1987 मध्ये त्यांनी लष्करी उठावात उलथवलेल्या सरकारात हीच फेडरेशन होती. तीच आता त्यांच्या शेजारी बसली, याचं मात्र खरंच नवल वाटतं. अर्थात 2006 चा उठाव करणाऱ्या बैनिमारामांपेक्षा दुसरा पर्याय तरी कुठे होता?

आणि खरी गंमत 24 डिसेंबरची. आघाडीचे 29, पण पंतप्रधानपदाच्या गुप्त मतदानात राबुकांना मतं 28, बैनिमारामांना 27. पक्षादेश मोडला तर तिथे खासदारकी जाते, पण मतदानच गुप्त असेल तर कोणाची काढणार? वेठीस धरणारा शोधायचाच असेल तर तो एक शोधा. त्या तिघांना सोडा.