आवाज बदलला, तर घरातले आजारही डॉक्टरांना सांगा

आवाज बसला की मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, फार तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. बहुतेकांना तेवढं पुरतंही. पण ज्यांच्या घरात मोटर न्यूरॉन आजार (स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात, तो) होऊन गेलाय, त्यांनी तिथे थांबू नये, म्हणून ही पोस्ट.

माझ्या आत्याचं बोलणं आधी संथ झालं, मग नाकातून यायला लागलं. टाळूचा मागचा मऊ भाग नीट उचलला गेला नाही की हवा नाकात शिरते. ‘बाबा’ म्हटलेलं ‘मामा’ ऐकू येतं. पाणी पिताना ठसकेही लागायचे. दुर्बिणीने घसा तपासला. गाठ नाही, सूज नाही, म्हणून सगळे निर्धास्त. आजोबा हातपाय लुळे पडून गेले, हे त्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही. एक तर हातपायांचा आवाजाशी संबंध कुणाच्या लक्षात येणार? आणि खरं कारण वेगळंच होतं. घरात लग्नाच्या मुली होत्या.

या लपवाछपवीचा मला फार राग येतो. मोटर न्यूरॉन आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. त्यातल्या साधारण पाव रुग्णांमध्ये सुरुवातच बोलण्या-गिळण्यापासून होते. आनुवंशिक रुग्ण दहात एखादाच, पण एकाच घरात एकाचा हात आधी जातो, दुसऱ्याची जीभ. याच गटातला केनेडीचा आजार आईकडून मुलात उतरतो आणि मुख्यतः पुरुषांनाच त्रास देतो, तोही बराच सावकाश. तिथे मामाची चौकशी करायला हवी. शिवाय संध्याकाळी बोलणं जास्त जड होत असेल, तर तो मायस्थेनियाही (स्नायू वापरले की लवकर थकतात, असा वेगळा आजार) असू शकतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जायचंच.

‘काही उपाय नाही, मग कळून काय करायचं?’ हेही आता पूर्ण खरं नाही. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवर टोफरसेन हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आजार बरा होत नाही, औषधही एवढ्या एकाच जनुकासाठी. तरी आपल्या घरात कोणता जनुक आहे, याला आता अर्थ आहे. आवाज स्पष्ट असतानाच रेकॉर्ड करून ठेवला, तर पुढे यंत्र त्याच आवाजात बोलू शकतं. आत्याच्या वेळी ती संधी गेली.

जनुकीय चाचणी करायची की नाही, हे ज्याचं त्याने समुपदेशनानंतर ठरवावं. कुणी कुणावर लादू नये. मीही अजून ठरवलेलं नाही. पण माझ्या मुलांना आजोबांचा आणि आत्याचा आजार नावानिशी माहीत आहे, आणि मुलीसाठी आलेल्या स्थळांनाही आम्ही तो सांगतो.