पकडलेल्या शत्रूचं जेवण

पाकिस्तानशी तणाव वाढला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: पकडलेल्या शत्रूचे कसले लाड? मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो. हे वाचलं की मला इथलं अल्गोना गाव आठवतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त जर्मन युद्धकैदी होते. त्यांची एक मोठी छावणी अल्गोनाला होती. गावोगावची तरणी पोरं लढाईवर गेलेली, शेतावर माणूस मिळेना. मग हेच कैदी शेतात आणि कारखान्यांत राबायला जायचे. मजुरी दिवसाला ८० सेंट, तीही छावणीच्या दुकानात चालणाऱ्या कुपनांत. एडुआर्ड काइब नावाच्या कैद्यानं सोबत्यांना घेऊन १९४५च्या नाताळासाठी येशूजन्माचा देखावा उभारला. तारेच्या सांगाड्यावर सिमेंट थापून केलेल्या, माणसाच्या निम्म्या उंचीच्या मूर्ती. गावानं त्या आजवर जपल्यात. दर डिसेंबरला लोक पाहायला येतात.

हे निव्वळ दयेपोटी झालं नाही. युद्धकैद्यांना माणुसकीनं वागवा असं सांगणारा १९२९चा जिनिव्हा करार होता, आणि जर्मनीच्या ताब्यात अमेरिकेची पोरं होती. मे १९४५मध्ये जर्मनी शरण आली, ती पोरं सुटली, आणि इथल्या कैद्यांच्या जेवणात लगेच कपात झाली.

२०१९ला अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले तेव्हा दिल्लीनं जिनिव्हा कराराचाच, म्हणजे त्याच्या १९४९च्या नव्या रूपाचा, दाखला दिला होता. ग्रुपवरचे तेव्हा देव पाण्यात घालून बसले होते. करार आपल्या माणसापुरता पाळायचा म्हटलं, तर समोरचा तरी तो का पाळेल?

पण मला याहून जास्त सलतं ते वेगळंच. जर्मन कैद्यांची अशी बडदास्त ठेवणाऱ्या याच अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना तारेच्या कुंपणाआड डांबलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. गुन्हा काय, तर चेहरा. १९८८मध्ये सरकारनं कायदा करून त्यांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

आपणही हेच केलंय. १९६२च्या चीन युद्धाच्या अखेरीस आसाम, दार्जिलिंगकडच्या चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे. काहींची तिथं वर्षंच्या वर्षं गेली. त्यांतले बरेच पुढे कॅनडात गेले. सरकारनं माफी मागावी, हे त्यांचं मागणं आहे. दिल्लीनं ती मागावी, आणि ते हयात आहेत तोवर मागावी.