न कळण्याचे फायदे: नव्या पाइपलाइनमालकास काही सूचना

आपण अमेरिकेत इंधनवाहू पाइपलाइन विकत घेतलीत, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. आपली ही मालमत्ता जमिनीखाली पुरलेली आहे, ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि आपल्या पायाखालून पेट्रोल, कच्चे तेल किंवा गॅस वाहतो आहे हे तिच्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्या गावीही नसते. मात्र पाइपलाइनबरोबर एक सरकारी खातेही आपल्या गळ्यात पडले आहे. 'पाइपलाइन व धोकादायक पदार्थ सुरक्षा प्रशासन' असे त्याचे लांबलचक नाव असून ते 2004 साली परिवहन खात्यात स्थापन झाले आणि या धंद्यातील माणसे त्याला नुसते 'फिम्सा' म्हणतात. नवखे मालक या नावाला उगाच बिचकतात. त्यांची भीती जावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पाइपलाइन घेताना शक्यतो जुनी घ्यावी. इतर यंत्रे जुनी झाली की त्यांची तपासणी वाढते. पाइपलाइन जुनी झाली की तिला ज्येष्ठत्वाचे संरक्षण मिळते. रचना, बांधणी आणि सुरुवातीची चाचणी यांविषयी उद्या कितीही कडक नियम झाला, तरी तो आधीपासून जमिनीत असलेल्या पाइपलाइनला लावता येणार नाही, असे संघराज्याच्या कायद्यातच लिहिलेले आहे. कॅलिफोर्नियातील सॅन ब्रूनो येथे 9 सप्टेंबर 2010 रोजी जी गॅसवाहिनी फुटली, ती 1956 साली टाकलेली होती. पाण्याच्या दाबाने चाचणी घेण्याचा नियम पुढे आला तेव्हा ती जमिनीत रुळलेली असल्यामुळे तिला त्यातून सूट मिळाली होती. त्या संध्याकाळी आठ माणसे गेली आणि 38 घरे नष्ट झाली, पण चाचणी न घेण्याच्या बाबतीत त्या पाइपचे कागद अगदी नियमाला धरून होते.

झडपांचेही तसेच आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे मार्च 1994 मध्ये गॅसवाहिनी फुटली, तेव्हा गॅस बंद करायला सुमारे अडीच तास लागले. अपघातांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यानंतर आपोआप किंवा दुरून झटपट बंद होणाऱ्या झडपांचा आग्रह धरला. हे मंडळ अत्यंत हुशार आहे. सुदैवाने त्याला केवळ शिफारस करता येते, हुकूम सोडता येत नाही. सॅन ब्रूनोत गॅस थांबायला 95 मिनिटे लागली. झडपांचा नियम अखेर 2022 साली आला, म्हणजे एडिसनमध्ये जन्मलेले मूल तोवर अठ्ठावीस वर्षांचे झाले होते, आणि तोही सहा इंच व त्याहून जास्त व्यासाच्या नव्या किंवा बदललेल्या पाइपांपुरता. आपली जुनी पाइपलाइन आपण बदललीच नाही, तर झडपांचा प्रश्नच उद्भवत नाही. दुरुस्तीचा मोह आवरणे हे या धंद्यात किती महत्त्वाचे आहे, ते यावरून ध्यानात यावे.

समजा, दुर्दैवाने आपली पाइपलाइन नवी निघाली, तरी धीर सोडू नये. याच नियमात असे म्हटले आहे की पाइप फुटल्याचे ओळखल्यापासून तीस मिनिटांत झडप बंद झाली पाहिजे. हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. तीस मिनिटे मोजायची ती पाइप फुटल्यापासून नव्हे, पाइप फुटल्याचे ओळखल्यापासून. अपघाताची खबर सरकारी केंद्राला देण्याची एक तासाची मुदतही अशीच, गळतीची 'खात्री पटल्यापासून' सुरू होते. नियम करणाऱ्यांनी प्राथमिक अंदाजही पुरेसा मानावा वगैरे जोडून या शब्दांना कुंपण घातले आहे, हे खरे. पण अंदाज बांधणारे अखेर आपणच. सगळ्या कायद्याचे घड्याळ आपल्याच खिशात ठेवलेले आहे आणि त्याला किल्ली देण्याचा अधिकारही आपल्याकडेच सोपवला आहे. म्हणून या लेखातील मुख्य सूचना अशी की, जेवढे कमी कळेल तेवढे बरे.

न कळण्याची कला किती उंचीवर नेता येते, हे पाहायचे असेल तर मिशिगनमधील मार्शलचा अभ्यास करावा. एनब्रिज कंपनीच्या तीस इंची 6बी वाहिनीची 2005 साली आतून तपासणी झाली होती. अशी तपासणी करणाऱ्या यंत्राला या धंद्यात 'पिग' म्हणतात; ते पाइपमधून तेलाबरोबर सरपटत जाते आणि भिंतीतील दोष नोंदवत राहते. या डुकराने आपले काम चोख केले. पुढे जिथे पाइप फुटला तिथले तडे त्याने टिपले, ते कागदावर उतरले आणि तिथेच पाच वर्षे सुखाने राहिले. 15 जुलै 2010 रोजी कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की गळती झाल्यास आमचा प्रतिसाद जवळजवळ तत्क्षणी असू शकतो. बरोबर दहा दिवसांनी, 25 जुलैच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास पाइप फुटला.

नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजल्या. आता अननुभवी माणूस असता तर त्याला वाटले असते की पाइप फुटला. तेथील अनुभवी मंडळींनी मात्र असा निष्कर्ष काढला की पाइपमध्ये तेलाचा प्रवाह तुटून मध्ये पोकळी निर्माण झाली असावी, आणि पोकळी भरून काढायची तर आणखी तेल ढकलायला हवे, म्हणून त्यांनी पंप पुन्हा सुरू केले. मग बंद केले. मग पुन्हा सुरू केले. तपास मंडळाने नंतर हिशेब मांडला, तेव्हा एकूण सांडलेल्या तेलापैकी 81 टक्के तेल या दोन फेरसुरुवातींत बाहेर पडल्याचे दिसले. गावातील लोकांना रात्रीच वास आला होता, त्यांनी आपत्कालीन क्रमांकावर फोन केले होते आणि अग्निशमन दल येऊन हुंगूनही गेले होते. पण गावाला वास येणे आणि कंपनीला कळणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत. सतरा तासांनंतर दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने फोन करून सांगितले, तेव्हा कुठे एनब्रिजला कळले. तोवर आठ लाख चाळीस हजार गॅलनांहून अधिक तेल ओढ्यातून कालामाझू नदीत पोहोचले होते.

आपल्याला वाटेल की नशीब सतरा तासांपुरतेच साथ देते. तसे नाही. उत्तर कॅरोलायनातील हंटर्सव्हिल येथे ऑगस्ट 2020 मध्ये कलोनिअल कंपनीच्या वाहिनीतून पेट्रोल झिरपत होते आणि ते शोधून काढले राखीव रानात गाडी फिरवणाऱ्या दोन किशोरवयीन मुलांनी. कंपनीचा पहिला अंदाज होता 63,000 गॅलनांचा. पुढे तो बारा लाखांवर गेला आणि अखेरीस वीस लाखांच्या घरात स्थिरावला. पहिला आकडा कसा सांगावा, याचा हा नमुना जपून ठेवण्याजोगा आहे. बातमी पहिल्या आकड्याची होते; शेवटचा आकडा येईपर्यंत वाचक दुसऱ्या बातमीकडे वळलेला असतो.

कळूनही न कळल्यासारखे करायचे झाल्यास त्यासाठी सन्मान्य मार्ग आहे. त्याचे नाव विचार. आर्कान्सातील मेफ्लॉवर येथे 29 मार्च 2013 रोजी एक्सॉनमोबिलची पेगसस ही वाहिनी बावीस फूट उसवली आणि घरांच्या रांगेपुढून कच्चे तेल वाहू लागले. हा पाइप 1940च्या दशकातील होता आणि त्याचा लांबीतला जोड ज्या जुन्या पद्धतीने वितळवून जोडलेला होता, ती पद्धत उसवण्याबद्दल या धंद्यात पूर्वीपासून बदनाम आहे. फिम्साने 26 लाख डॉलरांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली आणि 2017 साली पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दंडाचा बहुतेक भाग उडवून लावला. नियमात लिहिले आहे की कंपनीने सर्व धोक्यांचा विचार करावा. कंपनीने तर लांबलचक प्रक्रिया करून विचार केला होता आणि जोडाला धोका नाही अशा निष्कर्षाला ती आली होती. निष्कर्ष बरोबरच निघाला पाहिजे, असे नियमात कुठे आहे?

न्यायालयाचा दोष काढता येणार नाही. नियमाची भाषाच तशी आहे, आणि ज्याने ती लिहिली त्याने आपल्यासारख्यांवर अपार उपकार करून ठेवले आहेत. आपण मात्र यातून शिकावे. कार्यालयात एक खोली केवळ विचारासाठी राखून ठेवावी. तिथे तज्ज्ञांची बैठक भरवावी, इतिवृत्त लिहावे, त्यावर सह्या घ्याव्यात, धोक्यांचे तक्ते रंगवावेत आणि पाइपला यातले काहीही कळू देऊ नये. या ठिकाणी कागदी घोडे नाचवणे हा शब्दप्रयोग अन्यायकारक ठरेल, कारण इथे घोड्यांच्या टापांना न्यायालयाची मान्यता आहे.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या अचूकतेविषयी फार हळवे होऊ नये. सॅन ब्रूनोच्या पाइपची नोंद 'बिनजोड' अशी होती. तो फुटून रस्त्यावर पडला तेव्हा त्यावर उभा जोड सर्वांना दिसला, आणि तोही अर्धवट वितळवलेला. चौपन्न वर्षे जोड जमिनीखाली होता आणि बिनजोडपणा कपाटात होता. दोघांची गाठ पडली नाही तोवर कोणाचीच तक्रार नव्हती.

आता दंडाविषयी थोडेसे, कारण नवखे मालक याच ठिकाणी सर्वाधिक घाबरतात. फिम्साच्या दंडाला कायद्यानेच छत घातलेले आहे. एका मालिकेतील उल्लंघनांसाठी पूर्वी हे छत दहा लाख डॉलर होते, 2012च्या आरंभी ते वीस लाख झाले आणि महागाईनुसार सरकत आता 26 लाखांच्या पुढे गेले आहे. मार्शलच्या प्रकरणात चोवीस उल्लंघने मोजून फिम्साने 37 लाख डॉलर आकारले आणि तो तोपर्यंतचा तिचा सर्वांत मोठा दंड होता. नदी साफ करायला कंपनीला शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. 2016च्या तडजोडीत आणखी 6.2 कोटी दंड भरावा लागला, तो मुख्यतः पाणी स्वच्छ ठेवण्याच्या कायद्याखाली. म्हणजे तेल पाइपमध्ये आहे तोवर निष्काळजीपणा स्वस्त असतो आणि नदीला मिळाल्यावर महाग होतो. मार्ग निवडताना नद्या टाळाव्यात, हा यातला व्यवहार.

फौजदारीची भीतीही बाळगू नये. सॅन ब्रूनो प्रकरणात पीजी अँड ई कंपनी 2016 साली सुरक्षा कायद्याच्या पाच उल्लंघनांबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरली. सरकारी वकिलांनी आधी 56 कोटी डॉलरांहून अधिक दंडाची भाषा केली होती. खटला चालू असतानाच ती मागणी साठ लाखांवर आली आणि प्रत्यक्षात दंड झाला तीस लाखांचा. जोडीला दहा हजार तास समाजसेवा आणि आपण दोषी ठरल्याची दूरचित्रवाणीवर जाहिरात, अशीही शिक्षा होती. कंपनी समाजसेवा नेमकी कशी करते, तिला झाडू कोणत्या हातात देतात, हे मला आजवर उमगलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य आयोगाने मात्र याच प्रकरणात 160 कोटी डॉलरांचा भुर्दंड बसवला होता. असे आयोग या धंद्यास पोषक नाहीत, एवढेच सांगतो.

नवे नियम येतच राहतील. त्यासाठी 1996 सालच्या कायद्याची प्रत उशाशी ठेवावी. सुरक्षिततेचा नियम करायचा तर त्याचा लाभ त्याच्या खर्चाला पुरून उरतो, हे सरकारने आधी दाखवले पाहिजे, असे तो सांगतो. झडपांचा तोच 2022चा नियम विहिरींपासून गॅस गोळा करणाऱ्या वाहिन्यांपुरता 2023 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रद्द केला, तो हा हिशेब नीट मांडला नव्हता म्हणूनच. शिवाय नियमांत ज्या तांत्रिक मानकांचा हवाला दिलेला असतो, त्यांतली कितीतरी तेल उद्योगाच्याच संस्थेने तयार केलेली आहेत. तिच्या समितीवर आपला एखादा अभियंता पाठवावा. परीक्षेला बसणाऱ्याने प्रश्नपत्रिका काढण्यास मदत करणे हे सहकार्याचे लक्षण आहे.

इतके सगळे टाळता येत असले, तरी एक नियम आपण मनापासून पाळावा असे माझे प्रामाणिक मत आहे. वाहिनीच्या मार्गावर ठिकठिकाणी खुणेचे खांब लावावे लागतात आणि त्यांवर कंपनीचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा लागतो. अक्षरे किमान एक इंच उंच आणि रेघ साधारण पाव इंच जाड हवी, इतक्या बारकाईने ते सांगितलेले आहे. इथे काटकसर करू नये. रंग दर वर्षी नवा द्यावा, भोवतीचे गवत कापून घ्यावे, क्रमांक बदलला तर त्याच दिवशी बदलावा. कारण आपल्या पाइपमधून काय बाहेर पडते आहे ते आपल्याला कधी काळी कळलेच, तर ते त्या खांबापाशी नाकाला रुमाल लावून, मोबाइलच्या उजेडात आकडे वाचू पाहणाऱ्या कोणा अनोळखी माणसाकडून कळणार आहे.