सहाशे पौंडांचं चाक

आज दुपारी आमच्या वाचनाच्या ग्रुपवर कुणीतरी एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ' कादंबरीवरच्या मालिकेतला रेल्वे स्टेशनवरचा सीन टाकला. खाली बदामांची रांग. "हाय, तो थॉर्नटन!" "असा गिरणीमालक मिळाला तर मी आज मिल्टनला जाते!" डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले. लांबेल. कंटाळा आला तर पुढे सरका.

थॉर्नटन, कादंबरीतल्या मिल्टन शहराचा गिरणीमालक, देखणा आहे, मान्य. पण बायांनो, त्याच पुस्तकात बेसी हिगिन्स आहे, ती कुणालाच कशी आठवत नाही? नायिका मार्गारेटच्याच वयाची, १९ची. कार्डिंगमध्ये, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, राबून छातीत कापूस बसलेला. ती खोकून खोकून मरते आणि आपण भराभर पानं उलटतो, कारण 'त्या दोघांचं' जुळतं का ते बघायचं असतं.

माझे आबा कार्डिंग खात्यात होते. पाळी सुटून आले की भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. आई ओल्या फडक्याने पुसायची आणि हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळाने धूळ खाली उतरते म्हणे. सुट्टीनंतर कामावर गेले की त्या रात्री छाती जास्त भरायची. तेव्हा चाळीत प्रत्येक मजल्यावर असा एक तरी खोकला असायचाच.

गॅस्केलबाई मँचेस्टरच्या. १८५४-५५ साली डिकन्सच्या साप्ताहिकात त्यांची ही कादंबरी क्रमशः आली, प्रेस्टनच्या गिरण्यांचा मोठा संप नुकताच होऊन गेला होता. त्यात बेसी मार्गारेटला एका चाकाबद्दल सांगते. काही गिरण्यांत कार्डिंगच्या टोकाला मोठं चाक असतं, ते वारा खेळवतं, धूळ ओढून नेतं. पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा शून्य. म्हणून फार थोडे मालक ते बसवतात. पोरगी मरायला टेकलीये आणि हिशोब किती शांतपणे सांगते! हा हिशोब ज्याला टोचत नाही, त्याने खुशाल बदाम टाकावेत.

बरं, पुढचंही सांगते, नाहीतर म्हणाल अर्धवट सांगितलं. काही कामगारांनाही ते चाक नको असतं. कापूस गिळायची सवय झालेली, तो पोटात गेला नाही तर भूक लागते, मग पगार वाढवा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅस्केलबाईंचा संताप आला होता. मालकांना सोडवायला बघते म्हणून. आता येत नाही. आबांना नाकावर बांधायला फडकं मिळायचं, ते घडी करून खिशात. जीव गुदमरतो म्हणायचे. आई चिडायची, ते गूळ चघळत बसायचे.

आणि हो, थॉर्नटन सुधारतो, कामगारांच्या जेवणाची सोय करतो, बेसीच्या बापाला, हिगिन्सला, काम देतो. देतो बाबा. त्याआधी संप मोडायला आयर्लंडहून माणसं आणलेली असतात, तेही लक्षात असू द्या. संपातला कामगार बाऊचर ओढ्यात जीव देतो तेव्हा रंगाऱ्यांच्या पाण्याने त्याचा चेहरा डागाळलेला असतो. त्याची पोरं सांभाळतो तो हिगिन्स. खिशात दमडी नसताना. त्याच्यावर कुणी का नाही भाळत?

चिडून लिहायला बसले होते, आता निवलेय जरा.

बेसी काम का सोडत नाही? धाकट्या मेरीची शाळा चालू ठेवायची असते, बापाला पुस्तकांचा नाद, व्याख्यानांचा नाद, सगळ्याला पैसा लागतो. मी आबांना एकदा विचारलं होतं, दुसऱ्या खात्यात का नाही गेलात? म्हणाले, "तिकडे पुन्हा बदली कामगार म्हणून उभं राहावं लागलं असतं. महिन्याचे किती दिवस भरतील, भरवसा नाही. आणि तुझं कॉलेज होतं."

त्या कॉलेजातच हे पुस्तक हाती आलं. रात्री दिव्याखाली वाचत होते, तेव्हा आबांनी खोकत खोकत विचारलं, "कसली गोष्ट आहे गं?"

मी म्हटलं, "एका गिरणीमालकाची प्रेमकथा आहे."