मोठा चेंडू, मोठा खड्डा आणि मापात पाप

फुटगोल्फ हा खेळ खास माझ्यासाठी काढला आहे, अशी माझी पक्की समजूत होती. अर्थात, खेळण्याआधी. गोल्फच्या मैदानावर फुटबॉल ठेवायचा, लाथ मारायची आणि कमीत कमी लाथांत तो खड्ड्यात घालायचा, एवढाच काय तो खेळ. काठ्यांची जड पिशवी नको, ती वाहायला गाडी नको. शिवाय गोल्फचा खड्डा असतो 108 मिलिमीटरचा, तर इथला 21 इंची, म्हणजे जवळजवळ 53 सेंटिमीटरचा. त्यात चेंडूच काय, लक्ष नसेल तर खेळणाराही जाईल.

आमच्या गटात एक काका आहेत. नियमपुस्तिका त्यांना तोंडपाठ आहे आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायला त्यांना पुस्तिकाही लागत नाही. माझा चेहरा फुललेला पाहून ते म्हणाले, "अहो, जरा भागाकार करा." गोल्फचा चेंडू 42.67 मिलिमीटरचा, म्हणजे खड्डा चेंडूच्या अडीचपट. आपला 5 नंबरचा फुटबॉल परिघाने 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे 22. आता 53 ला 22 ने भागा. आलं 2.4. चेंडूच्या मानाने पाहिलं तर हा विहिरीएवढा खड्डा गोल्फच्या खड्ड्यापेक्षा अंमळ लहानच! खड्डा वाढवताना कुणीतरी शांतपणे मापात पाप केलं होतं.

पोशाखाचा नियम त्यानंतर कळला. स्पर्धेत उतरायचं तर सहसा कॉलरचा शर्ट, डोक्यावर चपटी टोपी आणि गुडघ्यापर्यंत चढवलेले शंकरपाळी नक्षीचे मोजे. वरून मी कुठल्यातरी जुन्या संस्थानाचा दिवाण आणि खालून शाळेच्या संघात न निवडलेला मुलगा. बुटांना खिळे चालत नाहीत, कारण गवत खराब होतं. या मैदानावर सर्वात जास्त मान गवताला. गोल्फची ती गालिच्यासारखी ग्रीन, म्हणजे गोल्फच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आमच्यापासून वाचवायची म्हणून फुटगोल्फचे खड्डे आडबाजूला, उंचवट्याजवळ, झाडांच्या मागे खणलेले असतात. तिथलं गवत गालिच्यासारखं नसतं, हे चेंडू पहिल्याच टप्प्यात सांगतो.

फुटबॉलमध्ये मला जे काही थोडंफार येतं, ते सगळं इथे नियमबाह्य आहे. चेंडूला पायाने एकदाच स्पर्श करायचा, आणि तो स्पर्श म्हणजे सरळ लाथ. तळपायाखाली घेऊन हळूच पुढे सरकवणं, बुटाचं टोक खाली घालून उचलून ढकलणं, यातलं काही चालत नाही. ज्याचा चेंडू खड्ड्यापासून सगळ्यात लांब, त्याने आधी खेळायचं. या नियमामुळे मी कायम आघाडीवर असतो. दुसरा खेळत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याच्या वाटेत सावलीसुद्धा पाडायची नाही. फुटबॉलच्या मैदानावर आयुष्यभर "अरे दे, दे, दे!" असं ओरडत आलेल्या माणसाला ही शांतता झेपत नाही.

सगळ्यात जीवघेणा नियम मात्र वेगळाच आहे. चेंडू पूर्ण थांबल्याशिवाय पुढची लाथ मारायची नाही. वाचायला किती निरुपद्रवी! पण गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, आणि हा 410 ते 450 ग्रॅमचा गोळा. उतार लागला की याला आपण कुठून आलो ते आठवत नाही. तो आधी थांबल्यासारखा करतो. आपण सुटकेचा श्वास सोडतो. मग वाऱ्याची एक झुळूक येते, तो अर्धा वळसा घेतो, विचार करतो आणि तळ्याच्या दिशेने निघतो. सावकाश. अडवायला चार पावलं धावलं तरी पुरेल, आणि माझे पाय धावायला शिवशिवत असतात, कारण घरंगळणारा चेंडू दिसला की धावायचं, एवढं एकच शिक्षण त्यांना मिळालेलं आहे. पण मला हात बांधून, टोपी घालून उभं राहायचं असतं. चेंडू गवताच्या शेवटच्या पात्याशी घुटमळतो तेव्हा सगळा गट माझ्याकडे बघत असतो. पडताना आवाजही फारसा होत नाही. तेवढ्यात काका म्हणतात, "एक दंडाची." म्हणजे पाण्यात गेलेल्या लाथेवर आणखी एक न मारलेली लाथ माझ्या खात्यात जमा.

बुडत नाही, हा या चेंडूचा एक गुण. पण तो काठाला लागेपर्यंत वाट पाहायची, की मोजे काढायचे, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

एवढं होऊनही मी हा खेळ सहन केला असता, जर एखादी सबब शिल्लक ठेवली असती. फुटबॉलमध्ये हरलो तर उरलेले दहा जण असतात. गोलरक्षक झोपलेला असतो, पास वेळेवर आलेला नसतो, पंच तर असतोच असतो. गोल्फमध्ये पिशवीत 14 काठ्या ठेवायची परवानगी आहे, म्हणजे 14 संशयित. गोल्फ खेळणारी माणसं फटका चुकला की काठीकडे असं बघतात, जणू तिने ऐनवेळी साक्ष फिरवली. इथे काय बघणार? पायाकडे? तो आपलाच. बुटांवर ढकलावं तर सगळ्यांचे तसलेच, बिनखिळ्यांचे. एकदा मी चेंडूत हवा कमी असल्याचं सुचवून पाहिलं. काकांनी तो बोटाने दाबला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अशा खेळाची विश्वचषक स्पर्धा होते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पहिली स्पर्धा 2012 मध्ये हंगेरीत झाली. त्यापुढच्या दोन अर्जेंटिनात आणि मोरोक्कोत. देशोदेशीची माणसं विमानाने एकत्र येऊन, शंकरपाळी मोजे चढवून, चेंडू थांबायची वाट बघत उभी राहतात. त्यांचे चेंडू थांबत असावेत.

खड्ड्याजवळची गंमत तर सांगायची राहिलीच. जोरात मारला तर चेंडू कडेला थडकून उडी मारून पलीकडे जातो. हळू मारला तर अलीकडे वीतभर अंतरावर ठाण मांडतो. गेलाच आत, तर तो काढायला आपणच वाकायचं. खड्डा खोल, चेंडू गुळगुळीत आणि मध्ये माझं पोट. मागचा गट शिष्टाचार म्हणून शांत उभा असतो, त्यामुळे माझ्या गुडघ्यांचा आवाज लांबपर्यंत जातो.

गुणांचा हिशेब मात्र मला मनापासून आवडतो. 18 खड्ड्यांचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागाव्यात अशा लाथांचा आकडा, सहसा 72 च्या आसपास असतो, आणि ज्याचा आकडा सर्वात कमी तो जिंकतो. ही बारीकसारीक माहिती घरी कुणाला नाही. परवा खेळून आलो तर मुलीने दारातच विचारलं, "बाबा, कोणाचे सगळ्यात जास्त झाले?"

"माझे," मी म्हणालो.

तिने तेवढ्यात आजीला फोन लावला. मी मोजे काढत बसलो होतो, मध्ये कशाला बोला.