डीएनएस आहे की, मग आणखी काय हवं?

सर, मी लिस्पवर पोस्ट टाकली होती. लिस्प म्हणजे मशीनची ओळख आणि तिचं ठिकाण यांना वेगवेगळे पत्ते देणारी पद्धत. त्यावर तुमचे तीन आक्षेप असे: मशीनच्या ओळखीसाठी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) आहेच, राउटिंग टेबल (कुठलं पाकीट कुठे धाडायचं याची राउटरातली यादी) फुगलं तरी मेमरी स्वस्त झालीय, आणि लिस्प इतकं गुणाचं असतं तर सगळीकडे दिसलं असतं.

तिसरा मुद्दा मान्य. त्याचं आरएफसी (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) ६८३० आलं २०१३ मध्ये, सुधारित ९३०० आलं २०२२ मध्ये, तरी लिस्प फार करून कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कातच राहिलं. यात मशीनच्या ओळखीचा पत्ता पाकिटाच्या आत, ठिकाण्याचा बाहेरच्या वेष्टनावर. आयपीव्ही४ (आयपीची चौथी आवृत्ती) मध्ये हे वेष्टन ३६ बाइटांचं. १५०० बाइटांच्या पाकिटात १४६४ उरतात. शिवाय लिस्प बसवायचा खटाटोप एकाचा, टेबल हलकं होणार दुसऱ्याचं. मग कोण करतोय ओ?

पण डीएनएसचं पटत नाही. मागे अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामेभावाच्या टॉवेलच्या कारखान्यात बसलो होतो. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं. बाहेर जेसीबीनं फायबर तोडली, राउटर दुसऱ्या लाइनवर गेला, ब्राउझर पुन्हा पळायला लागला. माझी एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करून काम करायची) खिडकी मात्र थिजली. एंटर दाबतोय, काही नाही. भाऊ म्हणतो, "नेट तर चालूय की!" चालूच होतं. डीएनएसला विचारतात ते जोडणी करण्याआधी. पुढे जोडणी सांभाळणारं टीसीपी दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट एवढंच ओळखतं. पत्ता बदलला की त्याच्या लेखी माणूसच बदलला.

यावर जुना उपाय म्हणजे स्वतःचे पत्ते घ्यायचे आणि दोन्ही कंपन्यांमार्फत बीजीपीनं (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) जाहीर करायचे. म्हणजे सोलापुरातल्या एका शेडसाठी जगभरच्या मुख्य राउटरांनी एकेक ओळ सांभाळायची! आणि ती स्वस्त मेमरी लॅपटॉपातली. यातल्या बऱ्याच राउटरांत पाकिटागणिक शोध टीकॅम नावाच्या खास वेगवान मेमरीत होतो. ती महाग आणि वीजखाऊ. १२ ऑगस्ट २०१४ ला टेबलानं ५१२के ची (पाच लाखांहून थोड्या जास्त ओळींची) मर्यादा ओलांडली, तेव्हा जुन्या राउटरांतली टीकॅम भरली आणि ठिकठिकाणी नेट अडखळलं. आता आयपीव्ही४ चंच टेबल दहा लाख ओळींच्या घरात आहे.

गंमत म्हणजे राउटरांत जमलं नाही ते टोकाला, म्हणजे फोन-सर्व्हरांत, जमलं. २०२१ च्या आरएफसी ९००० मधल्या क्विकमध्ये (टीसीपीच्या जागी वापरता येणारी पद्धत) जोडणीला स्वतःचा आयडी असतो. फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला तरी ती टिकू शकते. माझं एसएसएच टीसीपीवरच होतं, त्यामुळे पुन्हा लॉगिन करावं लागलं.

३६ बाइटांचा हिशोब मूळ पोस्टमध्ये द्यायला हवा होता, ती चूक माझी. आज रात्री टाकतो.