दाबणार काय?

हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या जोरावर वस्तू दाबायचं यंत्र, घ्यायचा म्हटल्यावर बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलेलं, "सगळं ठीक आहे, पण दाबणार काय?" मी म्हटलं बेअरिंग. "किती?" म्हटलं एक. ती नुसती बघत राहिली, म्हणून मी गाडी काढून बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत गेलो.

तर शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत माझी एक म्हातारी मारुती 800 असते, रविवारी तिच्याखाली झोपणं हा आपला छंद. पुढचं चाक घरघरायला लागलं म्हणून बेअरिंग नकलमधनं, म्हणजे चाक ज्याला बसतं त्या लोखंडी भागातनं, हातोड्यानं काढायला बसलो, तीन रविवार ठोकलं, बेअरिंग जागच्या जागी, निघालं ते अंगठ्याचं नख. मग ठरवलं, हायड्रॉलिक प्रेसच घ्यायचा.

बेळगावात असल्या मालाला काय तोटा, एकीकडं फौंड्र्या एकीकडं हायड्रॉलिकवाले. दुकानातल्या पोरानं विचारलं, "एष्ट टन बेक्री?" बारा टनाचा समोरच होता, पण चार लोकांत बारा म्हणायला कसंतरी वाटलं. म्हटलं, इप्पत्त. वीस टन म्हणजे 20 हजार किलो, माझी मारुती साडेसहाशे किलोची, म्हणजे एकावर एक तीस मारुत्या, हा हिशोब मी तिथंच काउंटरवर केला आणि तरीही वीसच म्हटलं.

कोपऱ्यात एक जुने फोरमन चहा पीत बसलेले. "दाबणार काय ओ तुम्ही?" आता ह्यांना आमच्या घरातनं फोन गेलेला काय! पण माणूस कामाचा निघाला. म्हणाले, टन मागनं बघा, पहिला गेज बघा, नुसता बॉटल जॅक लावलेला स्वस्तात मिळतोय पण जोर किती लागालाय ते पार्ट फुटल्यावरच कळतंय. टेबल खाली-वर करून पिना घालता येतात काय, तुमचा नकल त्या फटीत मावतोय काय, ते बघा. आणि खालच्या प्लेटी बिडाच्या नकोत, फुटली की गोळीसारखी उडते, एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या घ्या.

टेम्पो गल्लीत शिरला तशा शेजारच्या काकू बाहेर. "शेंगांचा घाणा घातलासा काय?"

रविवारी नकल ठेवला, दांडा मारला, गेजचा काटा जेमतेम तीन टनावर गेला आणि ठाण्णकन असा आवाज झाला की काकूंचा कुत्रा अजून आमच्या दारावरनं जात नाही. बेअरिंग खाली पडलेलं. तीन रविवारांचं काम तीन मिनिटांत! त्याच गुर्मीत नवीन बेअरिंग बसवायला घेतलं. बाहेरच्या रिंगवर दाबायचं असतं हे मला पाठ आहे ओ, पण वरनं दाबायला हाताला लागला तो पान्याचा सॉकेट नेमका आतल्या रिंगच्या मापाचा, सगळा जोर मधल्या गोळ्यांवर गेला. बेअरिंग झकास बसलं आणि हातानं फिरवलं तर जुन्यासारखंच, कर्र कर्र.

फोरमनना फोन केला. "किती टनावर दाबलासा?" म्हटलं दोन. "मग राहिलेले अठरा काय करालायसा?"

उत्तर काकूंनीच आणलं, मध्ये फुगलेला लोखंडी तवा. दोन प्लेटींत धरून दाबला, काटा हलला पण नाही, तवा मात्र बराच सपाट झाला. सध्या गल्लीतले चार तवे नंबर लावून आहेत, बेअरिंग पुढच्या रविवारी.